इंजिन नंबर जुळत नाही

बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला गाडीचं इंजिन कुठे असतं हे ठाऊक नसलं तरी चालतं. इंजिनाचा नंबर कुठे असतो हे मात्र ठाऊक असावं लागतं. मी बी.कॉम. आहे. गेली वीसेक वर्षं अमरावती आणि अकोला या दोन शहरांत माझ्या बदल्या चालू आहेत. म्हणजे घर अमरावतीत असलं की माझी नोकरी अकोल्यात असते, आणि घर अकोल्याला हलवलं की साहेब मला अमरावतीला पाठवतात. या येरझाऱ्यांत मी गाड्या पुष्कळ पाहिल्या. पण गाडीपेक्षा तिचे कागद पाहण्याची सवय जास्त. कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळला की आमचं समाधान होतं. गाडीला चाकं आहेत की नाहीत हे पाहायला दुसरा माणूस असतो.

गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, की त्यांना मित्राची जुनी मारुती 800 घ्यायची आहे. माझी छाती भरून आली. पोरगा काटकसरी निघाला! मग त्यानं पुढचा खर्च सांगितला. रुंद टायर, चकचकीत मॅग व्हील, खाली दाबलेली स्प्रिंग, मागे स्पॉयलर आणि आवाज करणारं सायलेन्सर. हा खर्च मूळ गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. "म्हणजे टोपीसाठी डोकं विकत घेतोस?" मी म्हणालो. त्यानं वाद घातला नाही. रविवारी सकाळी मला बायपासवर घेऊन गेला.

तिथे चहाच्या टपरीसमोर दहा-बारा गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या. दातांच्या डॉक्टरकडे पेशंट बसतात तशा. प्रत्येक गाडीजवळ तिचा मालक, आणि प्रत्येक मालकाभोवती बाकीचे मालक. "हे कुठून बसवलं? कितीला पडलं? पिकअप वाढला का?" एमएच-27 वाले अमरावतीकर आणि एमएच-30 वाले अकोलेकर एकमेकांच्या गाड्यांखाली आडवे होऊन पाहत होते. कंपनीतून आली तशीच राहिलेल्या गाडीला ही मंडळी 'स्टॉक' म्हणतात. हा शब्द ते ज्या सुरात उच्चारतात, तो सूर आमच्या घरात माझ्यासंबंधी बोलताना मी ऐकलेला आहे.

एकाला मी स्पॉयलरचा उपयोग विचारला. तो म्हणाला, काका, गाडी जोरात असली की वारा त्याच्यावरून जाताना मागचा भाग खाली दाबतो, चाकं रस्ता सोडत नाहीत. गोष्ट खरी आहे. फक्त राजकमल चौकातून ताशी पंधराच्या वेगानं जाताना हा वारा कुठून आणायचा, एवढाच प्रश्न उरतो. एरवी त्याच्यावर दोन टॉवेल छान वाळतील.

पण घरी येताना मला राहून राहून वाटू लागलं, की हे सगळं मी आधी पाहिलेलं आहे. चिरंजीवांची समजूत, की हा प्रकार 2001 साली 'फास्ट अँड फ्युरिअस' या सिनेमापासून सुरू झाला. इतिहासकारांनी या विषयाकडे दुर्लक्ष केल्यामुळे खरी हकीकत सांगण्याची जबाबदारी एका कारकुनावर येऊन पडली आहे.

वऱ्हाडात पूर्वी गाडीचे तीन प्रकार असत. ओझ्यासाठी बंडी, बायकापोरांसाठी छताची दमणी आणि एकट्यादुकट्याला झटकन जाऊन यायला रेंगी. रेंगी म्हणजे दोन चाकं, एक आख आणि बसायला कमीत कमी लाकूड. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी माझे आजोबा सुताराला समोर बसवून रेंगीचं लाकूड तासून घेत. सुतार म्हणे, "पाटील, आता पातळ केली त मोडन." आजोबा म्हणत, "मोडन त मोडन, पन पयन!" गाडी हलकी केली की पळते हे भौतिकशास्त्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते चौथीत शाळा सोडून आलेले होते. पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ घालून सगळं गाव तोरणाखाली जमे. कुणाची जोडी कशी, खांदा कसा, चाल कशी, यावर तास तास चर्चा. वर पुन्हा झडत्यांचे सामने. बायपासवर मी पाहिलं ते हेच होतं. फक्त झुलीच्या जागी स्टिकर आले होते.

आणि शंकरपट! सरळ धावपट्टी, हलकी गाडी, वजनानं कमी असा धुरकरी, आणि सेकंदाचे तुकडे मोजणारं घड्याळ. आमच्या जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर प्रसिद्धच. आता अमेरिकेकडे पाहा. 1932 साली फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल अशी आठ सिलिंडरची मोटार काढली. तिकडच्या पोरांनी जुन्या फोर्ड घेऊन त्यांचे मडगार्ड काढले, बॉनेट काढलं, जे जे काढता येईल ते काढलं, आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर त्या पळवल्या. अशा गाडीला 'हॉट रॉड' म्हणतात. याच नावाचं मासिक जानेवारी 1948 मध्ये निघालं आणि पुढे पाव मैल सरळ पळण्याच्या शर्यतींसाठी 1951 मध्ये रीतसर संस्था स्थापन झाली. सरळ पट्टी, हलकी गाडी, घड्याळ. आजोबांना हे कळलं असतं तर त्यांनी एकच विचारलं असतं, "त्याहीच्या पटात बक्षीस काय देतात?"

सर्वोच्च न्यायालयानं 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या साडेसात वर्षांत आमच्याकडच्या पटवाल्यांची स्थिती पेट्रोल बंद झालेल्या मोटारवाल्यासारखी झाली होती. बैलाला आरी टोचणारे आणि शेपटी पिरगाळणारे लोक होते, हेही खरंच. बैलाला तक्रारअर्ज लिहिता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कोर्टाला लिहावं लागलं.

यानंतर इतिहासात इंजिन येतं. आमच्या भागातला सर्वांत मोठा इंजिनबदल कुणा मेकॅनिकनं केला नाही, रेल्वेनं केला. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी आमची लाडकी शकुंतला ही नॅरोगेज गाडी 1921 साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर सत्तर वर्षं चालली. 1994 साली ते काढून डिझेल इंजिन लावलं. नाव तेच, डबे तेच, वेग जवळजवळ तोच. नंबर जुळतो का, असं कुणीही विचारलं नाही. आता ती बंद आहे.

वऱ्हाडी माणसाच्या दृष्टीनं गाडीची कामगिरी तीन मापांनी मोजली जाते. एक पळ, दुसरं ॲव्हरेज आणि तिसरं 'किती बसतात'. पळ जगभर मोजतात. ॲव्हरेजसाठी व्हॅनच्या डिकीत स्वयंपाकाचं सिलिंडर चोरून ठेवणारे लोक मी पाहिले. गाडी थांबली की त्यांच्या घरी चहा व्हायचा, गाडी निघाली की चूल विझायची. आणि तिसऱ्या मापाचं काय सांगावं! काळीपिवळी जीपला मागे फळी, फळीला आणखी फळी, दोन्ही बाजूंना पायदान. नऊ जणांच्या गाडीत किती बसतात या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर होतं: "आनखी दोन."

माझे मामा या तिन्ही मापांत बसणारे. सरकारी लिलावात त्यांनी एक पेट्रोल जीप घेतली. ती पेट्रोल पीत नसे, सांडत असे. मामांनी एका मॅटॅडोरचं जुनं डिझेल इंजिन मिळवलं आणि अकोल्याच्या एका मिस्त्रीकडून ते जीपच्या पोटात बसवलं. इंजिन जागेपेक्षा मोठं निघालं. मामांनी इंजिन कापलं नाही, जागा कापली. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. खाऱ्या पाण्यानं रेडिएटर बसतो, त्यात क्षार साचतात. म्हणून मामा दर्यापूरहून डबकीभर गोडं पाणी जीपसाठी आणत. घरचे सगळे खारं पाणी पीत आणि जीप गोडं. मामी एकदा म्हणालीसुद्धा, "पुढल्या जन्मी मले यायच्या घरी जीप कर, देवा."

ब्रेक मात्र जुनेच राहिले. पाय तीनदा मारला की दुसऱ्यांदा मारल्याचा परिणाम दिसे.

1989 च्या ऑगस्टमधली गोष्ट. मी आठ वर्षांचा. आई बाळंतपणाला माहेरी आलेली, रात्रभर पाऊस आणि पहाटे तिला कळा सुरू झाल्या. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत सगळी काळी माती. ही माती ओली झाली की चाकाला सोडत नाही; चाकाचं आधी भोपळ्यात आणि मग जात्यात रूपांतर होतं. पन्नास पावलांवर जीप बसली. तेव्हा मामांनी त्यांची पटाची जोडी आणून पुढे जुंपली. बैल ओढताहेत, इंजिन घुरघुरतंय, मागे आई कण्हतेय, आणि मी हातातल्या बॅटरीचा उजेड नक्की कुणावर पाडावा या विवंचनेत. डांबरी लागल्यावर मामांनी बैल सोडले आणि जीप जी सोडली, ती थेट अमरावतीच्या डफरीनच्या दारात. म्हणजे दारापाशी थांबायचं होतं. ब्रेकमुळे थोडी पुढे गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. माझी बहीण अर्ध्या तासात जन्मली.

नंतर आमच्या कॉलेजच्या काळात यामाहा आरएक्स 100 चं राज्य होतं. ही गाडी 1985 ते 1996 इतकीच वर्षं निघाली. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलो. म्हणजे आजोबांच्या रेंगीचंच तत्त्व. आमची पोरं तिच्या सायलेन्सरमधली जाळी काढत. आवाज असा होई, की तीन गल्ल्यांतली म्हातारी माणसं उठून बसत. खरी गंमत अशी, की टू-स्ट्रोक इंजिनाचं सायलेन्सर हे नुसतं आवाज गिळायला नसतं. बाहेर पडणारा दाब त्यातून उलटा फिरून ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलतो. त्याच्याशी अंदाजानं खेळ केला की आवाज वाढतो आणि ताकद बहुधा कमी होते. बँकेतल्या काही माणसांच्या बाबतीतही हा नियम लागू आहे. नावं घेत नाही, माझी बदली जवळ आली आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे माझ्यावर. 2007 साली मामांच्या मुलाला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि त्यांनी जीप विकायला काढली. गिऱ्हाईक चांगलं होतं, पण त्याला कर्ज हवं होतं. तो नेमका आमच्या शाखेत आला आणि फाइल नेमकी माझ्या टेबलावर आली. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या गोष्टी परस्पर बदलायच्या नाहीत; इंजिन बदलायचं तर परवानगी घ्यायची आणि नोंद करायची. मामांनी अठरा वर्षांत नोंद केली नव्हती. आरटीओत जायला दिवस लागतो, आणि त्या दिवशी गावात कुणी आजारी पडलं तर? हे त्यांचं कारण फाइलला जोडण्यासारखं नव्हतं.

कागदावर एक नंबर, इंजिनावर दुसरा. मी पेन उचललं आणि लिहिलं, 'इंजिन नंबर जुळत नाही.' अक्षर चांगलं आलं होतं.

संध्याकाळी मामा भेटले. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "बरोबर लिवलं तुनं. नंबर जुयतच नाई त काय करशीन? पन बाप्पा, तुह्या बहिनीच्या टायमाले जुयला होता ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. चोरीच्या गाड्या याच नंबरांनी सापडतात, आणि ज्या ताकदीसाठी ब्रेक बनवलेले नाहीत ती ताकद गाडीत घातली, की एखाद्या दिवशी दारापाशी थांबायची गाडी दाराच्या आत जाते. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं हेच कलम पुन्हा स्पष्ट केलं: रंग बदला, नोंद करा, पण गाडीची मूळ घडण बदलू नका. मला हे सगळं मान्य आहे. तरी ती चार शब्दांची ओळ मी लिहिली, हेही माझ्या खात्यावर आहेच. जीप किलोच्या भावानं भंगारात गेली. प्रवेशाची फी नंतर सोसायटीच्या कर्जातून भरली. ते मामा बरीच वर्षं फेडत होते.

परवा मी चिरंजीवांना घेऊन गावी गेलो. हल्ली अमरावती-अकोला रस्ता असा झाला आहे, की त्याचं नाव गिनीज बुकात गेलं होतं. जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत एका लेनचं 75 किलोमीटर डांबरीकरण सलग केलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा, 25.275 किलोमीटरचा. त्याआधी कित्येक वर्षं याच रस्त्यानं आमच्या कमरेचे मणके मॉडिफाय केले होते, त्याची नोंद मात्र कुठल्याच बुकात नाही.

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. ते आम्हाला नाल्याकाठी घेऊन गेले. तिथे मॅटॅडोरचं ते इंजिन पाणी ओढत होतं. भंगारवाल्याला त्यांनी जीप दिली, इंजिन दिलं नाही. पोरगा त्याच्याभोवती तीनदा फिरला. मग त्यानं आपल्या 800 चा सगळा बेत आजोबांना सांगितला: टायर, चाकं, सायलेन्सर, स्पॉयलर. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ब्रेकचं काय केलं?"

पोरगा गप्प.

"पयवाचं कोनीबी पाहाते, राजा. आदी थांबाचं पाहाय. माह्या जीपले थांबता येत नोतं म्हनून मी आयुष्यभर हळू चालवली. एकच दिवस जोरात गेलो."

घरी आल्यावर मी चिरंजीवांना पैसे मंजूर केले: ब्रेक आणि टायरपुरते, कोटेशन तीन प्रतींत, व्याज नाही. सायलेन्सर नामंजूर. स्पॉयलरचा अर्ज त्याच्या आईकडे वर्ग केला आहे. तिला टॉवेलांची अडचण आहेच.

गाडी दारात आली तेव्हा सवयीनं मी बॉनेट उघडलं, चष्मा पुसला आणि नोंदणीच्या कागदाशी नंबर ताडून पाहिला. अंक न् अंक जुळला. बँकेतल्या माणसाला याचा आनंद व्हायला हवा होता.