रविवार कोणाचा?

मराठी दैनिकांच्या आतल्या पानावर एक लहानसे सदर पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले : ‘आजचे कार्यक्रम’. अमुक सभागृहात व्याख्यान, तमुक देवळात कीर्तन, कुठे नाट्यप्रयोग, कुठे चित्रांचे प्रदर्शन. प्रत्येक नोंदीत साधारण चार गोष्टी असत : काय आहे, कोणाचे आहे, कुठे व किती वाजता आहे, आणि तिकीट आहे की प्रवेश विनामूल्य. नाटकाचा, चित्रपटाचा किंवा शाहिरीचा इतिहास लिहिताना आपण साहित्य शिकणारी आणि शिकवणारी मंडळी यांतील पहिल्या दोन गोष्टी उचलतो आणि उरलेल्या दोन सोडून देतो. मुंबईपुरते तरी हे उलटे करून पाहायला हवे, असे आम्हांस वाटते. कोणता खेळ झाला हे विचारण्याआधी त्या वेळी मोकळे कोण होते आणि तिथवर पोहोचू कोण शकत होते हे विचारले, तर परिचयाच्या तारखा थोड्या वेगळ्या दिसू लागतात.

ग्रँट रोडचेच उदाहरण घेऊ. मुंबईचे पहिले नाट्यगृह कोटातल्या हिरवळीवर १७७६ साली उभे राहिले होते. ते साहेबलोकांचे, साहेबलोकांसाठी. कर्ज वाढत गेले आणि १८३५ साली ते विकावे लागले. नव्या नाट्यगृहासाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी आपली ग्रँट रोडवरील जागा दिली आणि १८४६ साली तेथे पडदा वर गेला. परंतु कोटात राहणाऱ्या युरोपीय प्रेक्षकाला ही जागा दूर पडे आणि आसपासची वस्तीही त्याच्या पसंतीची नव्हती. जे त्याला दूर होते ते गिरगाव-भुलेश्वरच्या माणसाला जवळ होते. सात वर्षांनी, १८५३ साली, सांगलीहून आलेल्या विष्णुदास भावे यांच्या मंडळीचे प्रयोग या रंगमंचावर झाले आणि त्याच वर्षी पारशी नाटक मंडळीही तेथे उभी राहिली. आपल्या अभ्यासक्रमात १८४३ आणि सांगली हे मराठी नाटकाचे जन्मस्थान म्हणून येते, ते योग्यच आहे. १८५३ची मुंबई मात्र भाव्यांच्या एका दौऱ्यापुरतीच उरते. वास्तविक, राजाश्रयावर उभे असलेले नाटक तिकीट काढून येणाऱ्या अनोळखी गर्दीसमोर आले ते येथे. आणि ती गर्दी येऊ शकली यात नाट्यगृहाच्या पत्त्याचा वाटा मोठा होता.

अंतराचा प्रश्न पुढे ट्रामने बराच सोडवला. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम कुलाब्याहून पायधुणीपर्यंत धावू लागली. भाडे तीन आणे होते, ते त्याच वर्षी दोन आण्यांवर आले. तरीही दोन आणे कोणाच्या खिशात आणि संध्याकाळ कोणाच्या हातात, हे प्रश्न राहिलेच.

चित्रपटाच्या इतिहासात वॉटसन हॉटेलची तारीख सर्वांना पाठ असते : ७ जुलै १८९६. ल्यूमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचे पहिले खेळ काळ्या घोड्याजवळच्या या हॉटेलात झाले, तिकीट एक रुपया. त्या काळी गिरणीतल्या साध्या कामगाराच्या दिवसभराच्या मजुरीपेक्षा ही रक्कम जास्त होती. शिवाय पंचांग पाहिले तर त्या दिवशी मंगळवार होता. म्हणजे ज्या शहरात भारतातला चित्रपट जन्मला असे आपण म्हणतो, त्या शहरातील बहुसंख्य माणसे त्या वेळी कामावर होती, आणि नसती तरी त्यांना तेथे स्थान नव्हते. खरी उत्सुकतेची गोष्ट पुढच्या आठवड्यातली आहे. १४ जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले आणि महिनाअखेरच्या आत तिकिटांचे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत विभागले गेले. पडदानशीन स्त्रियांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी राखीव बॉक्स ठेवण्यात आले. एक रुपयाच्या एकाच दराकडून चार आण्यांच्या बाकाकडे झालेला हा प्रवास अवघ्या काही दिवसांचा आहे. चित्रपट ही लोककला होणार हे त्या दरपत्रकानेच ठरवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल काय? आम्हांस तसे वाटत नाही.

परंतु चार आण्यांचा बाक मिळाला तरी त्यावर बसायला वेळ लागतो, आणि हा वेळ मुंबईच्या कष्टकऱ्यांना कोणी बहाल केला नव्हता. तो मागून, भांडून घ्यावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव कामगार चळवळीच्या इतिहासात येते, ‘दीनबंधू’चे संपादक म्हणून वृत्तपत्रांच्या इतिहासात येते, महात्मा फुले यांचे सहकारी म्हणून सत्यशोधक समाजाच्या इतिहासात येते. मुंबईच्या करमणुकीच्या इतिहासात ते कुठेच येत नाहीत. आमच्या मते त्यांचे पहिले स्थान तिथे असायला हवे.

१८८४ साली लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. मागण्या साध्या होत्या. आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, वेळेवर पगार, कामावर जखमी झालेल्यास आधार. ‘सूर्यास्तापर्यंतच’ हा शब्द आज वाचताना पुढे सरकवत नाही. सूर्य मावळल्यावर घरी जाऊ द्यावे, एवढीच संध्याकाळ हवी होती. रविवारच का, या प्रश्नालाही लोखंडे यांच्याकडे उत्तर होते. रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीच्या देवाचा दिवस आणि साहेबाच्या चर्चचा दिवस एकच होता, हा योगायोग त्यांनी मोठ्या चतुराईने कामी आणला. आपली मागणी परकीय मालकाच्या पंचांगात आणि आपल्या माणसांच्या श्रद्धेत एकाच वेळी बसवणारा असा युक्तिवाद त्या काळच्या मराठी निबंधवाङ्मयात शोधून सापडणे कठीण आहे. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

लोखंडे १८९७च्या फेब्रुवारीत वारले, प्लेगमध्ये. हलती चित्रे मुंबईत येऊन तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते.

रविवार मिळाला म्हणजे शनिवारची रात्र मिळाली. हे आमचे अनुमान आहे, पण साधे आहे. जुनी संगीत नाटके रात्री उशिरा सुरू होत आणि पहाटेपर्यंत चालत. पहाटे गिरणीच्या भोंग्याला हजर व्हायचे असेल तर असे नाटक बघणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे. दुसरा दिवस मोकळा असेल तरच जागरण परवडते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. वार शनिवार होता. गिरणगाव डोळ्यांपुढे ठेवून फाळके यांनी वार निवडला असे आम्हांस मुळीच सुचवायचे नाही. पण शनिवारच्या खेळाला जो अर्थ आहे, तो तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या सुटीमुळे आहे.

या सगळ्यात विजेची गंमत वेगळीच. ज्या दिव्याने पडदा उजळला, त्याच दिव्याने गिरणीचा दिवस लांबवला. सूर्यास्ताची जुनी मर्यादा विजेच्या प्रकाशाने पुसून टाकली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी काही गिरण्यांत काम चौदा-चौदा तासांवर गेले. १९११च्या कायद्याने पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली, १९२२च्या कायद्याने आठवडा साठ तासांचा केला, १९४६ साली तो अठ्ठेचाळीस तासांवर आला. विसाव्या शतकातील मराठी प्रेक्षकाचा इतिहास कोणी लिहील तर या तीन कायद्यांना त्यात प्रकरणे द्यावी लागतील.

१९२२ साली आणखी एक गोष्ट घडली. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह परळला उभे राहिले. आठवड्याचे तास कायद्याने आखले गेले त्याच वर्षी उरलेल्या तासांसाठी जागा झाली. पत्ताही पाहण्यासारखा आहे. ग्रँट रोडचे नाट्यगृह कोटाला दूर आणि गिरगावला जवळ होते, तसे दामोदर गिरगावला दूर आणि गिरण्यांना जवळ. कोकणातून आलेल्या माणसांचे नमन, शक्ती-तुरा, दशावतार, गावाच्या मंडळांनी बसवलेली नाटके या रंगमंचावर झाली. दिवसभर यंत्रावर उभा असलेला माणूस रात्री तेथे राजा किंवा खलनायक होई. या नाटकांचे लेखक आपल्या वाङ्मयकोशांत क्वचितच सापडतात. संहिता बहुधा वहीत राहिल्या. त्या वह्या मिळवणे हे खरे तर आपल्या विद्यापीठीय विभागांचे काम होते. दुसऱ्या पाळीला असणाऱ्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही होताच. दुपारी कामावर जाऊन मध्यरात्री सुटणाऱ्याने संध्याकाळचे नाटक कधी पाहायचे? पाळी बदलेपर्यंत थांबायचे.

या रविवारात बायका कुठे होत्या? महालक्ष्मीच्या सभेत बोलणाऱ्या त्या दोघींची मागणी मान्य झाली खरी, पण गिरणीत काम करणाऱ्या बाईचा रविवार धुण्याभांड्यांत आणि दळणकांडणात गेला असणार, हे समजायला संशोधन लागत नाही. खानावळवालीचे तर आणखीच कठीण. एकेका खोलीत दाटीने राहणारे, बायकामुले गावी ठेवून आलेले कामगार तिच्याकडे जेवत. रविवारी त्यांना मटण हवे. म्हणजे ज्या दिवशी सगळे मोकळे, त्या दिवशी तिला काम सर्वांत जास्त. तिचा रविवार कोणत्याही कायद्यात बसत नव्हता, कारण ती कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायका पहिल्यांदा संघटित झाल्या, बँकेच्या दारात उभ्या राहू शकल्या. लोखंडे यांच्या सुटीनंतर हे व्हायला पंचाऐंशी वर्षे जावी लागली.

मुंबईवरच्या दोन लावण्या आपण वर्गात शेजारी-शेजारी ठेवून शिकवतो. पठ्ठे बापूराव यांची लावणी शहराच्या वैभवाने दिपून जाते. अण्णा भाऊ साठे यांची लावणी तिला उत्तर देते आणि मलबार हिलच्या बाजूला परळ आणून ठेवते. वैभव आणि विषमता अशी ही तुलना ठीकच आहे. पण या दोन लावण्यांच्या मध्ये प्रेक्षकही बदलला आहे, हे सहसा सांगितले जात नाही. बापूरावांची लावणी तमाशाच्या थिएटरात पैसे मोजून ऐकायची. अण्णा भाऊ स्वतः गिरणीत राबलेले, आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी उभे केलेले लालबावटा कलापथक मैदानात, चाळीच्या पटांगणात, संपाच्या सभेत गाई. तिथे बाक नव्हते, म्हणून बाकांचे दरही नव्हते. ऐकणारा खाली बसलेला, किंवा गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा. गॅलरीत बायकाही असत, आणि कदाचित या शहराच्या सार्वजनिक कार्यक्रमांत घर न सोडता त्यांना मिळालेली ती सर्वांत चांगली जागा होती. कशाबद्दल गायचे हे अण्णा भाऊंना ठाऊक होतेच. कोणासमोर गायचे, हेही लावणीच्या घडणीत उतरले आहे, आणि मजकुराच्या बारीक वाचनात ते निसटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढचे आपणांस ठाऊक आहे. गिरण्यांच्या जागेवर मॉल आले, खेळघरे आली, उपाहारगृहे आली. करमणुकीची जागा म्हणून गिरणगाव आज पूर्वीपेक्षा कितीतरी प्रसिद्ध आहे. दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा कलावंतांनी केलेल्या विरोधात कोकणातल्या लोककला मंडळांचा आवाज मोठा होता. कोटात काळ्या घोड्याजवळ १९९९पासून होणाऱ्या कला महोत्सवात प्रवेश विनामूल्य असतो. एक रुपयाच्या त्या पहिल्या खेळाची इमारत तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

ट्रामची गोष्ट अर्धवट राहिली. १९०७ साली विजेवर धावू लागलेली ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली, रात्री बोरीबंदरहून दादरकडे. आत पाय ठेवायला जागा नव्हती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती बघायला माणसे दाटीने उभी होती. या कार्यक्रमाला तिकीट नव्हते आणि वार मंगळवार होता.