साखळीने मोजलेले नाशिक

पांडवलेण्यांतील एका लेखात उषवदात नावाच्या दात्याने चार हजार कार्षापणांना विकत घेतलेल्या शेताचा पत्ता दिला आहे. अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून घेतलेले ते शेत नगराच्या सीमेवर, वायव्य दिशेला होते. त्याच लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळची आज्ञाही कोरलेली आहे. भिक्षूंना ककडी गावात दिलेली जमीन कोणी कसत नाही आणि गावही ओस पडले आहे. म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून शंभर निवर्तने जमीन द्यावी, असा तिचा आशय आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या मजकुरात क्षेत्र आहे, मालक आहे, दिशा आहे आणि नगराला सीमा होती याची साक्षही आहे. तरीही आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उभे राहून ते शेत नेमके कोणते, हे कोणालाच दाखवता येणार नाही. टॉलेमीने आपल्या भूगोलात ‘नासिका’ नोंदवले, तेही शहराचे नाव आणि ढोबळ जागा एवढ्यापुरतेच. नाशिकबद्दलचे लेखन विपुल आहे, पुराणांत आहे, ताम्रपटांत आहे, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आहे. पण कोणती गोष्ट नेमकी कुठे होती, या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर फार उशिरा मिळू लागले. ते दिले महसूल खात्याच्या मोजणीदारांनी. शहराच्या इतिहासाचे साधन म्हणून त्यांच्या कोरड्या कागदांची जी उपेक्षा होते, ती अन्यायाची आहे.

मराठ्यांकडे नकाशे नव्हते, असे कोणी म्हणू नये. मोडी अक्षरांत नावे लिहिलेले किल्ल्यांचे, घाटवाटांचे आणि मुलखांचे नकाशे पुण्याच्या दप्तरांत आणि भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेले आहेत. त्यांत डोंगर समोरून पाहिल्यासारखे उभे काढलेले असतात, देवळाचे शिखर ओळखू येते, नदी पात्रासकट वळणे घेत जाते. वाटसरूला आणि फौजेला जे हवे ते त्यांत आहे; अंतराचे एकच प्रमाण मात्र सर्वत्र पाळलेले नाही, कारण त्यांच्या कामाला त्याची गरज नव्हती. जमिनीची ओळख तेव्हा शेताच्या नावाने आणि चतुःसीमेने होत असे: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओहोळ, दक्षिणेस वाट. खरेदीखतात आजही चतुःसीमा लिहिली जाते, आणि उषवदाताच्या लेखातला पत्ता त्याच जातीचा आहे. ही पद्धत गाव जागच्या जागी आहे आणि शेजारी एकमेकांना ओळखतात तोवर उत्तम चालते. ककडीसारखे गाव ओस पडले, की तिचे सगळे आधार एकदम नाहीसे होतात.

१८१८ मध्ये इंग्रजांनी चांदवड, त्र्यंबक, मालेगाव हे किल्ले घेतले. व्हॅलेंटाइन ब्लॅकर या अधिकाऱ्याने १८२१ मध्ये त्या युद्धाचा वृत्तांत नकाशांसह प्रसिद्ध केला. हाच ब्लॅकर पुढे भारताचा सर्व्हेयर जनरल झाला. पण लष्कराला रस होता तो तटात, बुरुजात आणि तोफा कुठून चढवायच्या यात. शहर आणि शिवार मोजण्याची निकड महसुलातून निर्माण झाली. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात नव्याने काम सुरू केले, आणि १८४० च्या दशकात ते तेव्हा अहमदनगर जिल्ह्यात असलेल्या नाशिकच्या तालुक्यांपर्यंत पोचले. स्वतंत्र नाशिक जिल्हा १८६९ चा; म्हणजे इथल्या शेतांना क्रमांक मिळाले तेव्हा जिल्हाही जन्मला नव्हता. साधन होते शंकू-साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. प्रत्येक सर्व्हे नंबराचे टिपण, म्हणजे मापांसह आराखडा, काढले गेले, कोपऱ्यांवर हद्दीचे दगड पुरले गेले, आणि टिपणे जोडून गावनकाशा उभा राहिला. दगड हलला, शेजारी वारला, ओढ्याने वाट बदलली, तरी टिपणावरून तो कोपरा पुन्हा जमिनीवर काढता येतो. लेण्यांतल्या लेखातील शेताला जे मिळाले नाही ते इथे म्हसरूळच्या, मखमलाबादच्या, सातपूरच्या साध्या शेतांना मिळाले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हे नकाशे साऱ्यासाठी केले होते. ज्या सत्तेला कुणब्याकडून वसुली करायची होती तिने काढलेले चित्र त्या गावाचे खरे चित्र कसे मानायचे? आक्षेपातला पूर्वार्ध पूर्ण खरा आहे. गावाचे वतन, पाण्याची पाळी, गायरानावरची वहिवाट, डांगातल्या कोळ्यांचा रानावरचा हक्क हे या नकाशांत एक तर नाही किंवा सरकारच्या सोयीने आकसून आले आहे. पण हेतू साऱ्याचा होता म्हणूनच काही गोष्टी त्यांत बिनचूक आल्या. ज्या जमिनीवर आकार बसवायचा नाही ती पोटखराबा म्हणून वेगळी काढावी लागे. मग नाला, वाट, विहीर मोजल्याशिवाय सुटका नसे. मोजणीदाराला त्या नाल्याचे माहात्म्य सांगायचे नव्हते, की तो लपवायचाही नव्हता. ज्याला एखादी वस्तू मोठी करून दाखवण्यात कसलाही लाभ नाही, त्याची तिच्या जागेबद्दलची साक्ष इतिहासकाराने अधिक विश्वासाने घ्यावी.

याचा सर्वांत बोलका पुरावा गोदावरीच्या पात्रातच आहे. रामकुंडाच्या खालच्या अंगाला पात्रात अनेक कुंडे होती, त्यांतल्या काहींना खालून जिवंत झरे होते. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत पात्राच्या तळाला काँक्रीट घातले गेले आणि त्याखाली कित्येक कुंडे गेली. माहात्म्यग्रंथांत कुंडांची नावे आहेत, पुण्यफळ आहे. नावे वाचून काँक्रीट फोडता येत नाही. कुठे फोडायचे ते माहीत असावे लागते. नदीसाठी झगडणाऱ्या नाशिककरांनी १९१७ च्या सिटी सर्व्हेचा नकाशा पुढे आणला, त्यात ही कुंडे आखलेली होती, आणि ती मोकळी करण्याच्या मागणीला त्यामुळे जागेचा भक्कम आधार मिळाला. भक्तीने ज्यांची नावे जपली, त्यांची जागा जपली एका सरकारी कारकुनी कागदाने. दोन्ही लागतात, यात शंका नाही. पण दुसऱ्याचे ऋण आपण मान्य करत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. हे नकाशे सपाट आहेत. नाशिक हे टेकड्यांचे आणि उताराचे गाव. जुनी गढी, चित्रघंटा, डिंगर अळी अशा उंचवट्यांवर ते वसले, आणि नदीने जेव्हा जेव्हा गावात शिरायचे ठरवले तेव्हा उंचीनेच कोण बुडेल ते ठरवले. जुन्या गढीवर पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी १९५०–५१ मध्ये केलेल्या उत्खननात वस्तीचे थरावर थर निघाले. शहर तिथे आडवे पसरण्याआधी उभे वाढले होते. सिटी सर्व्हेच्या कागदावर मात्र गढीचा माथा आणि काठावरची पायरी सारखीच रेघ होऊन येते. पुराचे माप नाशिककरांनी वेगळ्या ठिकाणी ठेवले: गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर. पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले, गळ्याशी आले, यावरून काठच्या दुकानदाराला आपला माल कधी हलवायचा ते कळते. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर पाटबंधारे खात्याने निळी आणि लाल पूररेषा आखली, तेव्हा कुठे उंचीचे हे ज्ञान शहराच्या अधिकृत नकाशावर उतरले, आणि तोवर कित्येक इमारती रेषेच्या आत उभ्या राहिल्या होत्या. म्हणून मी महसुली नकाशाला पूर्ण साक्षीदार म्हणत नाही. जागेविषयी त्याला विचारावे. पाण्याच्या पातळीविषयी मारुतीला. हक्काविषयी मोडी दप्तराला.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे या कामी येतील असे वाटते, पण त्यांची अडचण निराळी. २० अंश उत्तर अक्षांश नाशिक शहरातून जातो, आणि त्या विभागाच्या पत्रकांची विभागणी नेमकी त्याच रेषेवर होते. त्यामुळे पंचवटी एका पत्रकावर आणि नाशिकरोड, देवळाली दुसऱ्यावर अशी शहराची फाळणी होते. त्या नकाशांत घाट, किल्ले, रेल्वे, दारणा आणि गंगापूरचे जलाशय उत्तम दिसतात. गल्ली आणि कुंड दिसण्याइतके त्यांचे प्रमाण मोठे नाही.

१९८२ मध्ये महानगरपालिका झाली, भोवतालची खेडी शहरात आली. पण शेते बिनशेती झाली तरी त्यांचे आकार गेले नाहीत. एखाद्या वसाहतीचा रस्ता अचानक काटकोनात वळतो किंवा कुंपणाशी येऊन थांबतो, तेव्हा बहुतेक वेळा तिथे जुन्या सर्व्हे नंबराची हद्द असते. आजचे नाशिक असे एकोणिसाव्या शतकातल्या टिपणांवर बांधलेले आहे. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट, रस्ते आणि पूल यांची कामे होत आहेत. ती आखताना १९१७ चा नकाशा आणि गावनकाशे आजच्या मोजणीवर बसवून पात्रातले प्रत्येक कुंड आणि शहरात गडप झालेला प्रत्येक नाला आधी खुणेने दाखवावा, मगच यंत्र पात्रात उतरवावे. ई-नकाशा योजनेत मोजणीचे हे जुने कागद स्कॅन होत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण ते केवळ हद्दीच्या वादांसाठी उपलब्ध न ठेवता अभ्यासकांना आणि नागरिकांनाही सहज पाहता आले पाहिजेत, आणि भूमी अभिलेख कार्यालयातल्या मूळ टिपणांना वाळवीपासून वाचवण्याची तरतूद त्याच खर्चात झाली पाहिजे.