राजाचा घसा, मामांचा घसा

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या घरातून करतो.

माझे मामा कांद्याच्या बाजारात लिलाव पुकारतात. तीस वर्षं. ट्रॉलीवर उभं राहून असा आवाज लावायचा की शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही भाव ऐकू जावा. दिवाळीनंतर तो आवाज बसला. आम्ही सगळे म्हणालो, पुकारून पुकारून बसला असेल. तीन महिने खोकल्याच्या बाटल्या झाल्या. मग कुणीतरी घशात दुर्बीण घालून बघितलं, तुकडा तपासायला गेला, आणि रिपोर्टमध्ये तो शब्द आला. स्वरयंत्राचा कॅन्सर.

त्या आठवड्यात मला झोप नव्हती, म्हणून मी वाचत बसलो. आणि वाचता वाचता पोचलो थेट १८८७ च्या बर्लिनमध्ये.

जर्मनीचा युवराज फ्रेडरिक. वय ५५, पाइप ओढायची सवय. वडील कैसर विल्हेल्म नव्वदीला टेकलेले, म्हणजे हा कधीही सम्राट होणार. बायको व्हिक्टोरिया, इंग्लंडच्या राणीची थोरली मुलगी. जानेवारी १८८७ मध्ये याचा आवाज बसला. सर्दी असेल, असं सगळ्यांना वाटलं. (ओळखीचं वाटतंय ना?) मार्चमध्ये डॉ. गेरहार्ट यांनी आरसा घालून बघितलं, तर डाव्या स्वरतंतूवर बारीकशी गाठ.

हा आरसाही तेव्हा नवाच. १८५४ मध्ये मान्वेल गार्सिया नावाच्या गाण्याच्या मास्तरांनी छोटा आरसा आणि उन्हाची तिरीप वापरून स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले होते. एक्स-रे यायला अजून आठ वर्षं होती, सीटी स्कॅन तर सोडाच. डॉक्टरांकडे होतं ते आरशातलं एवढंसं चित्र आणि अनुभव.

गेरहार्टनी तापवलेल्या तारेने गाठ जाळायचा प्रयत्न केला. ती परत आली. मे महिन्यात सर्जन बर्गमान यांना बोलावलं. त्यांचं मत स्पष्ट होतं, हा कॅन्सर आहे. गळा समोरून उघडू, गाठ काढू. तारीखही ठरली, २१ मे.

आदल्या दिवशी लंडनहून डॉ. मॉरेल मॅकेन्झी आले. घशाच्या आजारांतलं तेव्हाचं मोठं नाव. ते म्हणाले, आधी तुकडा तपासा, मग सुरी उचला. आजच्या हिशेबाने एकदम बरोबर बोलले ते. बायोप्सीशिवाय आज कुणी स्वरयंत्राला हात लावणार नाही. तुकडे गेले रुडॉल्फ फिर्खो यांच्याकडे. सूक्ष्मदर्शकाखाली रोग ओळखायची विद्या ज्यांनी उभी केली त्यातला हा सगळ्यात मोठा माणूस. उत्तर आलं: या तुकड्यात कॅन्सर नाही. ऑपरेशन रद्द.

आता इथे जरा थांबा, कारण मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. जूनमधल्या रिपोर्टात फिर्खोंनी आणखी एक गोष्ट लिहिली होती. तुकडा चांगला दिसतोय, पण अख्ख्या आजाराबद्दल असंच म्हणता येईल का, हे एवढ्या तुकड्यांवरून सांगता येणार नाही. म्हणजे त्यांनी हात राखून लिहिलं होतं. वाचणाऱ्यांनी फक्त पहिलं वाक्य वाचलं. तिकडे गेरहार्ट म्हणत राहिले की मॅकेन्झींचा चिमटा चुकून चांगल्या बाजूला लागलाय. मग भांडण पेटलं ते जर्मन डॉक्टर विरुद्ध इंग्रज डॉक्टर असं. वर्तमानपत्रं त्यात उतरली, दरबार उतरला. युवराज मात्र सासूबाईंच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला लंडनला गेला, मिरवणुकीत घोड्यावर बसला.

नोव्हेंबरमध्ये इटलीतल्या सान रेमोला नवी गाठ दिसली, स्वरतंतूच्या खाली. आता शंका उरली नाही. आणि मे महिन्यात जे झालं नव्हतं ते इथे झालं. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून पर्याय सांगितले: पूर्ण स्वरयंत्र काढायचं, किंवा श्वास अडकेल तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी घालायची.

पूर्ण स्वरयंत्र काढण्याचं ऑपरेशन बिलरोथ यांनी व्हिएन्नात पहिल्यांदा केलं ते ३१ डिसेंबर १८७३ ला. तो रुग्ण वर्षभराच्या आतच कॅन्सर उलटून गेला. पुढच्या वर्षांतही कितीतरी जण ऑपरेशनच्या धक्क्यातच जात. फ्रेडरिकने हे ऐकलं आणि लिहून दिलं, स्वरयंत्र काढणार नाही, नळी चालेल. लोक याला कच खाणं म्हणतात. मला नाही पटत. त्या काळातले आकडे समोर ठेवले तर तो निर्णय मूर्खपणाचा नव्हता. उशिराचा मात्र होता.

९ फेब्रुवारी १८८८ ला नळी घातली. बरोबर एक महिन्याने, ९ मार्चला, वडील गेले आणि हा सम्राट झाला. बोलता न येणारा सम्राट. कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून राज्य चालवलं, ९९ दिवस. १५ जूनला गेला. शवविच्छेदनात कॅन्सर सिद्ध झाला. गादीवर आला त्याचा मुलगा, दुसरा विल्हेल्म. बाप जगता तर पहिलं महायुद्ध टळलं असतं, असं बऱ्याच पुस्तकांत वाचाल. असेलही, पण एका गाठीवर एवढं ओझं टाकायला माझं मन होत नाही.

हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कुजबुजत्या आवाजात विचारलं, "मग माझा तुकडा नीट जागचा घेतलाय का?"

हा प्रश्न आम्ही डॉक्टरांना जसाच्या तसा विचारला. ते चिडले नाहीत. स्कॅन दाखवला, गाठ कुठे, तुकडा कुठला, सगळं. मग पर्याय. १९९१ मध्ये अमेरिकेत ३३२ रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला होता. अर्ध्यांचं स्वरयंत्र काढलं, अर्ध्यांना आधी केमो आणि मग रेडिएशन. दोन वर्षांनी जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, आणि दुसऱ्या गटात ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचलं. तेव्हापासून आवाज की जीव हा प्रश्न बऱ्याच जणांसाठी तितका क्रूर राहिला नाही. पण गाठ फार पुढे गेली असेल तर नंतर ऑपरेशन लागायची शक्यता वाढते. मामांची गाठ कुर्चेत शिरलीय. डॉक्टरांचा कल ऑपरेशनकडे, आणि मागून रेडिएशन. दुसऱ्या डॉक्टरांनाही स्लाइड आणि स्कॅन दाखवले, तेच म्हणाले. दोन दिवस मामा कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मामीला म्हणाले, "काढून टाकू."

तयारी चाललीय. दोन किडके दात आत्ताच काढले, कारण रेडिएशननंतर जबड्याचं हाड लवकर भरत नाही. तंबाखूची डबी मामीने ताब्यात घेतलीय. स्पीच थेरपिस्टनी ऑपरेशनच्या आधीच एका गृहस्थांची गाठ घालून दिली. त्यांचं स्वरयंत्र काढलेलं, श्वास गळ्याच्या भोकातून. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवलीय. भोकावर बोट ठेवलं की हवा झडपेतून वर जाते आणि आवाज येतो, खरखरीत पण स्पष्ट. मामांनी त्यांना विचारलं, लिलाव पुकारता येईल? ते हसले आणि म्हणाले, "माइक लावा."

मामांनी फोनवर मराठी टाइप करायला शिकायला घेतलंय. काल मला त्यांचा पहिला मेसेज आला, "कांदा २१ शे".

ऑपरेशन पुढच्या मंगळवारी आहे. मी दवाखान्यात असेन, त्यामुळे पुढचा भाग एक आठवडा उशिरा येईल.