साधें पत्र आणि सजविलेलें पत्र

पत्राचा मजकूर थोर कीं त्याचा पेहराव, हा वाद जुनाच आहे. परंतु ई-पत्राच्या जन्मापासून त्याला जें वळण लागलें, त्याचा इतिहास मराठी वाचकांस फारसा परिचित दिसत नाहीं. आज अनेक लेखक, प्रकाशक व संस्था आपल्या वाचकांस ई-पत्रानें वृत्तपत्रिका धाडतात, आणि प्रत्येकापुढें पहिला प्रश्न हाच उभा राहतो : नुसत्या अक्षरांचें साधें पत्र पाठवावें, कीं रंग, चित्रें, चौकटी व नानाविध टंक यांनीं तें नटवावें ? इंग्रजी लेखक या प्रश्नाचें जें उत्तर देतात तेंच आपण उचलतों, आणि तेथेंच घोटाळा होतो. कारण हा प्रश्न ज्या इतिहासांतून निघाला, त्यांत आपल्या लिपीची वाट अगदीं निराळी होती.

अमेरिकेंत १९६३ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेली व १९६७ मध्यें सुधारलेली ‘आस्की’ ही संकेतावली या साऱ्याच्या मुळाशीं आहे. तींत एकंदर १२८ स्थानें. त्यांपैकीं ३३ यंत्रास आज्ञा देण्यासाठीं राखलेलीं. उरलेल्या ९५ स्थानांत इंग्रजीचीं लहानमोठीं अक्षरें, आंकडे, विरामचिन्हें आणि एक कोरी जागा. १९७१ मध्यें रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविलें तें याच अक्षरांत, व १९८२ सालीं डेव्हिड क्रॉकर यांच्या हातून ई-पत्राचा जो नियमग्रंथ निघाला त्यानेंहि पत्राची व्याख्या आस्की अक्षरांच्या ओळी अशीच केली. पाठविणारा कोण, कोणास, केव्हां, हा मायना आरंभीं, मग एक रिकामी ओळ, पुढें मजकूर. आपल्या जुन्या पत्रव्यवहारांत ‘राजमान्य राजश्री’ पासून ‘विज्ञापना’ पर्यंतचा मायना जितका ठरीव असे, तितकाच हाहि ठरीव.

या दारिद्र्यांतहि त्या पिढीनें संसार नेटका केला. शब्दावर जोर द्यावयाचा तर त्याच्या दोन्हीं बाजूंस तारका घालाव्या. दुसऱ्याचें वाक्य उद्धृत करावयाचें तर ओळीच्या आरंभीं एक कोनचिन्ह द्यावें. ओळ सत्तर-बाहत्तर अक्षरांच्या पुढें जाऊं देऊं नये. १९८२ च्या सप्टेंबरांत स्कॉट फालमन यांनीं कार्नेगी मेलन विद्यापीठांत अपूर्णविराम, आडवी रेघ व कंस यांचा हंसरा चेहरा सुचविला, तोहि याच टंचाईचें अपत्य होय. पुढें ‘पत्र साधेंच असावें’ असा जो एक बाणेदार संप्रदाय निघाला, त्याची निष्ठा या काटकसरीच्या गृहस्थाश्रमावरची होती, आणि तिचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. पण या संसारांत मराठीला जागा नव्हती. पंचाण्णव खोल्यांच्या त्या घरांत ‘ळ’ ला एक कोपराहि मिळाला नाहीं.

परदेशीं गेलेल्या मराठी मंडळींनीं मग काय केलें ? रोमन अक्षरांत मराठी लिहिलें. अविनाश चोपडे यांची ‘आय्-ट्रान्स’ ही पद्धति १९९१ च्या सुमारास निघाली. तींत इंग्रजी मोठीं अक्षरें आपल्या मूर्धन्य वर्णांच्या कामीं लावलेलीं आहेत. मोठा टी म्हणजे ट, मोठा एन् म्हणजे ण, मोठा एल् म्हणजे ळ. साहेबाच्या पत्रांत जीं अक्षरें ओरडण्याची खूण, तीं आमच्या पत्रांत बाळाच्या नांवांतला ळ मुकाट्यानें उच्चारीत होतीं. दुसरा मार्ग इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेल्या टंकांचा. यांत पत्र दिसे देखणें, पण तो टंक वाचणाऱ्याच्या संगणकावर असेल तरच. नसेल तर निव्वळ गिचमीड. म्हणून पत्राबरोबर टंकाचें नांव धाडणें भाग पडे, आणि तें साध्या पत्रांत धाडतां येत नसे ! त्यासाठीं सजविलेलेंच पत्र पाहिजे. इंग्रजी लेखकास जी चैन, ती आम्हांस त्या काळीं अन्नवस्त्रासारखी निकडीची झाली होती.

ही सजावट पत्रांत शिरली ती १९९२ मध्यें नथॅनिएल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांनीं रचलेल्या ‘माइम’ या योजनेच्या दारानें. त्या वर्षीं ११ मार्च रोजीं बोरेन्स्टाइन यांनीं आपल्या गायक मित्रांच्या चौकडीचें चित्र व गाणें पत्रास जोडून पाठविलें, ही हकीकत पुष्कळदां सांगण्यांत येते. आमच्या दृष्टीनें मात्र त्या योजनेंतील दुसरें कलम अधिक मोलाचें : हें पत्र कोणत्या संकेतावलींत लिहिलें आहे, तें पत्रानेंच सांगावें. ज्या दारानें रंगीबेरंगी जाहिराती आंत आल्या, त्याच दारानें पुढें युनिकोडमधली देवनागरीहि आली. एकट्या ‘म’ चे तीन बाइट होतात. वाटेंत ते चार रोमन चिन्हांत, किंवा दुसऱ्या रीतीनें नऊ चिन्हांत गुंडाळले जातात, व मुक्कामीं पोंचल्यावर पुन्हा ‘म’ होतो. सजावटीवर सरसकट शस्त्र उपसणाऱ्या इंग्रजी पंडितांचे निबंध वाचतांना मराठी माणसानें ही उपकाराची बाजू नजरेआड करूं नये.

एकच पत्र साध्या व सजविलेल्या अशा दोन रूपांत पाठवावें, आणि वाचणाऱ्याच्या प्रोग्रामास जें पेलेल तें त्यानें दाखवावें, अशीहि सोय माइममध्यें होती. तोड उत्तम; पण पाळली कोणी ? पाठविणारांनीं सजविलेल्या रूपावर दिवस घालविले, आणि साध्या रूपांत ‘आपला प्रोग्राम हें पत्र दाखवूं शकत नाहीं’ एवढी एक ओळ टाकून हात झटकले. बरें, सजावट तरी नीट दिसावी ! मायक्रोसॉफ्टच्या २००७ च्या आउटलुकनें पत्रें दाखविण्याचें काम वर्डच्या यंत्रणेकडे सोंपविलें, आणि वेबपृष्ठांवरून हद्दपार झालेल्या कोष्टकांच्या चौकटींत वृत्तपत्रिका पुढें वर्षानुवर्षें कोंडून राहिल्या.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. सजविलेल्या पत्रांतील चित्र पुष्कळदां पत्रांत नसतें. पत्र उघडतांच तें पाठविणाऱ्याच्या सर्व्हरवरून आणलें जातें. तेव्हां एका ठिपक्याएवढें, डोळ्यांस न दिसणारें चित्र ठेवलें कीं पत्र कोणी व केव्हां उघडलें याची बातमी धन्याकडे पोंचते. अलंकार म्हणून आलेली वस्तु अशी हेर झाली. २०१३ च्या अखेरीस गूगलनें हीं चित्रें आपल्या मध्यस्थामार्फत आणण्यास आरंभ केला, व २०२१ मध्यें ॲपलनें वाचकानें पत्र उघडण्यापूर्वींच तीं उतरवून घेण्याची सोय केली. तेव्हांपासून ‘इतक्यांनीं पत्र उघडलें’ हा आंकडा बराच पोकळ झाला आहे. साध्या पत्रांत हा ठिपका बसूंच शकत नाहीं. दुवे मात्र त्यांतहि खुणेचे असूं शकतात, हें लक्षांत ठेवलेलें बरें.

आज युनिकोडमुळें मराठी पत्र साधें असूनहि शुद्ध देवनागरींत जातें, तेव्हां आमची जुनी अडचण उरलेली नाहीं. शिवाय तारका व तिरपीं अक्षरें यांची जी उणीव इंग्रजीस भासते, ती मराठीस फारशी भासूं नये. आमच्या लिपींत मोठीं अक्षरें नाहींतच, आणि जोर देण्यास ‘च’ आहे, ‘मात्र’ आहे, ‘तर’ आहे, शब्दांची उलटापालट आहे. निबंध किंवा ग्रंथपरीक्षण पाठविणारास परिच्छेदांमधील एक कोरी ओळ पुरते. शिलालेखाचें वाचन अगर चित्रकलेची चर्चा असेल तर चित्र अवश्य हवें. पण मजकूरच चित्र करून पाठविण्याची जी रीत आपल्याकडे निमंत्रणें व शुभेच्छा यांत बोकाळली आहे, ती आंधळ्या वाचकाच्या वाचनयंत्रास मुकी असते, आणि पुढें शोधूं गेल्यास त्यांतला एक शब्दहि हातीं लागत नाहीं.

त्या मधल्या दशकांतील पत्रें ज्यांनीं जपून ठेवलीं असतील, त्यांस याचा पडताळा घरींच पाहतां येईल. विशिष्ट टंकांत सजवून लिहिलेलीं मराठी पत्रें उघडलीं, कीं जेथें तो टंक उरला नाहीं तेथें इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन चुराडा दिसतो. मोठ्या एल्‌चा ळ करून रोमनमध्यें लिहिलेलीं ओबडधोबड पत्रें मात्र आजहि जशींच्या तशीं वाचतां येतात.