इस्पितळ कुठे आणि कोणाचे?

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. प्लेगच्या इतिहासात अशा घटनांकडे बहुधा अज्ञानाचा उद्रेक म्हणून पाहिले जाते; मला हे वाचन अपुरे वाटते. घरातून उचललेला रुग्ण नातलगांच्या नजरेआड जाई. तिथे तो कोणाच्या हातचे पाणी पिणार, शेजारच्या खाटेवर कोण असणार, दगावलाच तर अंत्यविधी कोण करणार, यांपैकी कशावरही घरच्यांचा ताबा नसे.

मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती आली. सक्ती चालूच राहिली. पण जोडीला ज्ञातिप्रमुखांशी बोलणी झाली आणि निरनिराळ्या जमातींची स्वतंत्र इस्पितळे उभी राहिली. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ काढले. तडजोड शहाणपणाची होती खरी. (जातींच्या भिंती तिने पक्क्या केल्या, हे वेगळेच.) मात्र तिचा लाभ घ्यायला जमातीत शेठ हवा, जागा हवी, वर्गणी हवी. ज्यांच्या वतीने सरकारशी बोलायला कोणी नव्हते त्यांच्या वाट्याला सरकारी खाटच उरली.

अशांसाठी १८९७ मध्येच डॉ. यशवंत फुले यांनी पुण्याबाहेर, हडपसरच्या ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी तिथवर पाठीवरून नेले, असे सांगितले जाते. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचे निधन झाले.