चक्का कुणाच्या ताटात?

मागच्या बैठकीला आमच्या गटातल्या एकीची लेक आली होती. पुण्याला कामाला असते ती. येताना एक छोटी डबी घेऊन आली. डबीवर लिहिलेलं, ग्रीक योगर्ट. आम्ही चमचा चमचा चाखलं आणि एकमेकींकडं बघितलं. अगं, हा तर चक्का! श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून खुंटीला टांगतो ना, तोच, बिनसाखरेचा. लेक म्हणाली, ग्रीस देशात यात काकडी आणि लसूण घालून भाकरीसंगं खातात, त्याला त्झात्झिकी म्हणतात. नाव घेता घेता आमच्या जिभेला गाठ पडली. पण मग प्रश्न आला, की दही, काकडी, लसूण सगळं घरात असताना आपण हे का करत नाही?

याचं उत्तर शोधत आम्ही बरंच मागं गेलो.

चक्का आपल्याकडं नवा नाही. इ.स. ११३० च्या सुमारास तिसरा सोमेश्वर या चालुक्य राजानं ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे लातूरच्या पलीकडं बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. आपला मुलूखही तेव्हा त्याच राज्यात होता. राजानं काय काय खावं याचं त्या ग्रंथात एक मोठं प्रकरण आहे आणि त्यात दही-साखरेची शिखरिणी आहे. आपल्या श्रीखंडाची ती पणजी म्हणा. राजाच्या ताटात काय होतं ते लिहिलं गेलं. दही लावणारीच्या ताटात काय होतं ते लिहायला कोण बसलंय?

आता काकडी. तिचा कडू रानटी नातेवाईक अजून हिमालयाच्या पायथ्याशी उगवतो. भारतातच माणसानं तिला शेतात आणलं, आणि इथून ती इराणकडून पुढं युरोपात गेली. गंमत अशी, की जुन्या ग्रीक ग्रंथांत ज्याला काकडी समजलं जायचं ते आजच्या काकडीचं फळच नव्हे, असं अभ्यासक सांगतात. ती खरबुजाच्या कुळातली लांबडी फळं होती. खरबुजाच्या कुळातलं म्हणजे कोण? आपलं वाळूक! बाजरीच्या पाटात आपसूक पसरणारं, खुरपताना तिथंच फोडून खाल्लं जाणारं. त्याला आजवर कुणी डबीत घातलं नाही.

ग्रीस म्हणजे खडकाळ डोंगर, कमी पाऊस, शेळ्यामेंढ्या. आपल्या बालाघाटाच्या माळावरच्या बाईला तिथं फार परकं वाटणार नाही. दूध टिकत नाही म्हणून दही, आणि दही आणखी टिकावं म्हणून त्यातलं पाणी काढायचं. ते लोक वरून ऑलिव्हचं तेल घालतात, आपण चटणीवर करडईचं घेतो. ते त्यात बऱ्याचदा शेपू घालतात. शेपू! पोरं जी बघून नाक मुरडतात तीच. ग्रीसवर चारेकशे वर्षं तुर्कांचं राज्य होतं आणि त्झात्झिकी हे नाव तुर्कांच्या ‘जाजिक’वरून आलं. त्याच तुर्कांच्या शेवटच्या खलिफाची लेक दुर्रुशेहवार १९३१ साली आपल्या निजामाची सून झाली, तेव्हा बीड निजामाच्याच राज्यात होतं. असो.

तर आपण का करत नाही? आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशी म्हणाल्या, “दही असायचं कुठं बायकांना?” त्यांच्या लहानपणी दूध विकत नसत. विरजण लावायचं, पहाटे घुसळायचं, लोणी कढवून तूप बाजारात. ताक मात्र गल्लीत फुकट वाटायचे. घट्ट दही पाहुण्याला, पुरुषांना, लेकरांना. बाईच्या वाट्याला ताक, त्यात भाकरी कुस्करून. चक्का तर सणाचाच.

पुढं १९७० साली दूध महापूर योजना सुरू झाली आणि हळूहळू गावोगाव दूध संकलन आलं. दुधालाच पैसा मिळू लागला. ते चांगलंच झालं, त्या पैशावर पोरींच्या शाळा झाल्या. पण कॅन पहाटेच घराबाहेर जायला लागला आणि विरजणाचं भांडं कोरडं पडलं. शेण, चारा, धार आपल्याकडं. दुधाचं बिल बहुतेक घरांत मालकाच्या नावावर. आणि दिवाळीच्या आगेमागे ज्या ऊसतोडीला जातात त्यांचं काय? बैल सोबत नेतात, गाय राहते गावाकडं म्हाताऱ्यांजवळ. कोपीवर दही कुठलं लावता?

म्हणून आम्ही ठरवलं, एकदा करून बघू. म्हशीच्या दुधाचं लिटरभर दही रात्री पांढऱ्या धुतलेल्या फडक्यात टांगलं. सकाळी निम्म्याहून कमी उरलं. खाली गळलेलं पाणी फेकलं नाही, त्यात भाकरीचं पीठ मळलं. दोन काकड्या किसल्या, मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळल्या. हे पिळणं चुकवू नका, नाहीतर कोशिंबीर होते. आमची पहिली तशीच झाली होती. चार पाकळ्या लसूण मिठासंगं ठेचला, मूठभर शेपू बारीक चिरला, अर्धं लिंबू, वर चमचाभर करडईचं तेल. ज्वारीच्या गरम भाकरीवर लावून खाल्लं.

मधेच एकीनं वाटीवर झाकण ठेवलं, “ह्यांच्यासाठी ठेवते” म्हणून. तिचं तिलाच हसू आलं. मावशींनी झाकण उचललं आणि वाटी तिच्याच हातात दिली.

विकायचं का, यावर वाद झाला. फ्रीजशिवाय शहरापर्यंत टिकायचं नाही, असं बहुतेकींचं मत पडलं. तो विषय पुढच्या बैठकीवर ठेवलाय. तोवर एवढं ठरलं, की बैठकीच्या आदल्या दिवशी प्रत्येकीनं एक वाटी दूध कॅनमध्ये घालायचं नाही. या वेळी दही टांगायची पाळी मावशींची आहे. वाळूक निघालं की तेही घालून बघणार आहोत.