पडद्यावरची स्वमग्नता : 'रेन मॅन' ते ज्युलिया

आज आपण एका शब्दाचा पडद्यावरचा प्रवास पाहणार आहोत. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि ऑटिझम, ज्याला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो, वैद्यकात स्वतंत्रपणे नोंदला गेला. पुढे बरीच वर्षे दोष आईच्या माथी मारला गेला. आईची माया आटली, म्हणून मूल असं! बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांनी १९६४च्या आपल्या पुस्तकात हे मत खोडून काढलं.

हेच रिमलंड पुढे 'रेन मॅन'चे (१९८८) सल्लागार झाले. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली, आणि डॉक्टरांच्या खोलीतला शब्द घरोघर पोचला. हे ऋण आपण मान्यच करायला हवं.

पण पुढे बघा. पटकथेला प्रेरणा मिळाली किम पीक यांच्यापासून. त्यांची स्मरणशक्ती अफाट. मात्र ते स्वमग्न नव्हते, असं नंतर मानलं गेलं. डस्टिन हॉफमनचा रेमंड सांडलेल्या २४६ काड्या क्षणात मोजतो, लास व्हेगासमध्ये पत्ते लक्षात ठेवून भावाला पैसे जिंकून देतो. बहुतेक स्वमग्न माणसांकडे असं काही नसतं. तरी पालकांना आजही विचारलं जातं, ''मग तुमच्या मुलाला काय विशेष येतं?''

कांट सांगतो, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका. इथे सुधारतो तो भाऊ चार्ली. रेमंड शेवटी आगगाडीने संस्थेत परततो. आपल्याकडच्या 'माय नेम इज खान'मधला (२०१०) रिझवानसुद्धा वादळग्रस्तांना वाचवायला धावतो, तेव्हा कुठे जग त्याची दखल घेतं. म्हणजे आधी पराक्रम, मग माणूसपण!

आता २०१७ची 'सेसमी स्ट्रीट' ही मुलांची मालिका घ्या. बिग बर्ड ज्युलियाला नमस्कार करतो. ती उत्तरच देत नाही. त्याला वाटतं, आपण तिला आवडलो नाही. मोठी माणसं समजावतात, तिला जरा वेळ लागतो. ज्युलियाला हाताळणारी कलाकार स्वतः एका स्वमग्न मुलाची आई आहे. इथे ज्युलियाला काहीही सिद्ध करावं लागत नाही; थांबायला शिकावं लागतं ते बिग बर्डला.

तेव्हा यापुढे असा चित्रपट पाहिला, की आपण एवढंच तपासू या : या पात्राकडची करामत काढून घेतली, तर कथेत त्याला जागा उरते का?